आखेनचा डोम कसा पाहावा: जर्मनीत शिकायला निघालेल्या नाशिककरांसाठी

नाशिकहून इंजिनिअरिंग करून जर्मनीला एमएससाठी निघालेल्यांच्या यादीत आखेन हे गाव हटकून असतं, ते तिथल्या आरडब्ल्यूटीएच या तंत्रविद्यापीठामुळे. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपासून गावातला डोम, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, रमतगमत गेलं तरी दहा-पंधरा मिनिटांवर. इमारतीचा गाभा बाराशे वर्षांचा. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी काढली तेव्हा तिच्यात जर्मनीतली हीच एक जागा होती. तरीही पहिल्या सहामाहीत अनेकांचा डोम दारापर्यंतच पाहून होतो. सुट्टी बघून ते रविवारी सकाळी जातात, आणि नेमकी तीच वेळ आत मिस्सेची, म्हणजे सामूहिक उपासनेची असते.

जुन्या कॅथलिक चर्चचं सगळं गणित इथून सुरू होतं. हे चालतं देवस्थान आहे. उपासनेचं वेळापत्रक आधी ठरतं आणि त्यातून उरेल ती वेळ पाहणाऱ्यांची. हे एकदा डोक्यात बसलं की कपडे काय घालायचे, फोटो कुठे काढायचा, कुठे थांबायचं, यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपली आपणच सापडतात.

तालीम नाशिकमध्येच करा

नाशिकरोडचं बाळ येशूचं देवालय फेब्रुवारीतल्या यात्रेमुळे सगळ्यांना ठाऊक असतं. निदान यात्रेच्या दिवशी वाहतूक वळवलेली असते म्हणून तरी. त्याच नाशिकरोड भागातलं संत अण्णा महामंदिर हे नाशिक धर्मप्रांताचं कॅथेड्रल. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. कॅथेड्रल म्हणजे ज्या चर्चमध्ये बिशपांचं, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांचं, आसन असतं ते. चर्च मोठं आणि भव्य असलं म्हणून कॅथेड्रल होत नाही. व्हिसाची वाट पाहत असाल तेव्हा एका रविवारी इथल्या मराठी मिस्सेला शेवटून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसून या. फादरांना किंवा दाराशी असलेल्या स्वयंसेवकाला आधी सांगितलंत तर कुणी हरकत घेत नाही. लोक कधी उभे राहतात, कधी गुडघे टेकतात, दानाची पिशवी कधी फिरते, रांग कधी लागते, एवढंच बघायचं. जगभर क्रम हाच असतो. मग आखेनमध्ये जर्मनचा एक शब्द कळला नाही तरी कार्यक्रम कुठवर आलाय ते कळतं. ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीच्या जर्मनवर प्रवचन समजेल ही आशा सोडून द्या.

शरणपूर रोडचं जुनं चर्च पाहून तालीम होणार नाही. शरणपूरची वसाहत एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन मिशनऱ्यांनी वसवली. तो प्रोटेस्टंट वारसा. परदेशात हाच घोळ फार होतो. लंडनची वेस्टमिन्स्टर ॲबी अँग्लिकन आहे. कॅथलिकांचं वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल तिथून थोड्या अंतरावर, पट्टेदार विटांचं, १९०३ मध्ये खुलं झालेलं. डब्लिनमधली क्राइस्ट चर्च आणि सेंट पॅट्रिक्स ही दोन्ही मध्ययुगीन कॅथेड्रल चर्च ऑफ आयर्लंड या अँग्लिकन पंथाची आहेत, देश कॅथलिक असला तरी. जर्मनीतल्या उल्मचा १६१ मीटरचा मनोरा ल्युथरपंथी चर्चचा. पाटीवर 'काथोलिश' की 'एव्हांगेलिश' हे वाचलं की निकाल लागतो. आत गेल्यावरची खूण म्हणजे वेदीच्या जवळपास सतत तेवणारा दिवा, बहुतेक लाल काचेतला. तो असेल तर चर्च कॅथलिक असण्याची शक्यता मोठी.

वेळ कशी काढायची

डोमच्या संकेतस्थळावर दोन वेगळे रकाने असतात. एक 'गॉट्टेसडीन्स्टे', म्हणजे उपासना, आणि दुसरा पाहायला येणाऱ्यांच्या वेळांचा. विद्यार्थी फक्त दुसरा वाचतात आणि फसतात. दोन्ही वाचा, तेही आदल्या रात्री, कारण लग्न, दफनविधी, गायनाची मैफल यासाठी दार मध्येच बंद होतं. आखेनला आठवड्याच्या दिवशी सकाळ साधारण मिस्सांची आणि अकराच्या सुमारास पाहणाऱ्यांना दार उघडतं. रविवारी दुपारीच जावं. दारावर 'काइने बेझिश्टिगुंग' अशी पाटी टांगलेली दिसली तर त्या वेळी हिंडून पाहणं बंद आहे. मात्र प्रार्थनेला बसायला तेव्हाही कुणी अडवत नाही. 'प्रार्थनेला आलोय' म्हणून आत शिरून मोबाईल काढणाऱ्यांमुळेच दारावरचे लोक कडक झालेत, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात बरा दिवस मंगळवार ते गुरुवारपैकी एखादा, दार उघडल्यावर पहिला तास. टाळायचे दिवस म्हणजे गुड फ्रायडेचा आठवडा, २४ आणि २५ डिसेंबर, आणि जूनच्या आसपास येणारा फ्रोनलाइखनाम हा सण, ज्या दिवशी आखेनच्या राज्यात सार्वजनिक सुट्टी असते आणि मिरवणुका निघतात. नाताळ बाजाराच्या दिवसांत डोमभोवतीच्या चौकात इतकी दाटी होते की संध्याकाळी दारापर्यंत पोचायलाही धक्के खावे लागतात. त्या महिन्यात सकाळीच उरकावं.

उजेडाचाही हिशोब ठेवा. जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते. वेदीमागच्या रंगीत काचा सकाळी पेटतात, पश्चिमेच्या दारावरची गोल खिडकी दुपारनंतर. दक्षिणेकडच्या काचा दिवसभर बऱ्या दिसतात. हिवाळ्यात आखेनला साडेचारनंतर अंधार पडू लागतो आणि काचा बाहेर काळ्या, आत करड्या दिसतात. चारला लेक्चर संपवून गेलात तर डिसेंबरात काचांमधलं काही हाती लागणार नाही.

कपडे, बूट, पाठीवरची पिशवी

बूट काढायचे नाहीत. सवयीने हात बुटांच्या नाडीकडे जातो, पण तिथे कुणीच काढत नाही आणि दगडी फरशीवर मोज्यांनी चालणं थंडीत जमणारही नाही. पुरुषांनी टोपी काढायची, लोकरीची असली तरी. दारावरचा माणूस सगळ्यात आधी हेच सांगतो. बायकांनी डोकं झाकायची गरज नाही. जर्मनीत गुडघ्याच्या वर चड्डी असली तर क्वचितच कुणी बोलतं, मात्र रोममध्ये सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर सरळ परत पाठवतात. उन्हाळ्यात एक ओढणी किंवा पातळ शर्ट पिशवीत टाकला की प्रश्न मिटतो.

जाकीट अंगावरच ठेवा. जाड दगडी भिंतींत उन्हाळ्यातही गारवा असतो, हिवाळ्यात तर बाहेरच्यापेक्षा आतच जास्त वाजतं, कारण आत तुम्ही तासभर जवळजवळ स्थिर असता. स्वच्छतागृह आत बहुधा नसतं. आधीच जाऊन या. जवळ एक-दोन युरोची सुटी नाणी ठेवा, विद्यार्थी ओळखपत्र ठेवा, आणि जमलं तर आठ पट दाखवणारी छोटी दुर्बीण. छतावरची आणि वरच्या काचांमधली चित्रं नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. लोक मान वर करतात, 'भारी आहे' म्हणतात आणि पुढे सरकतात.

आत शिरल्यावर

दाराशी पाण्याचं छोटं भांडं असतं. ते पवित्र पाणी; कॅथलिक त्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात. तुम्ही करायलाच हवी असं नाही. हात धुवायचं पाणी समजू नका एवढंच.

पहिली दोन-तीन मिनिटं दाराच्या बाजूला नुसतं उभं राहा. डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि आत काही विधी चालू आहे का तेही कळतं. बहुतेक जुन्या चर्चचा आराखडा क्रुसासारखा असतो. लांब दांडा म्हणजे लोकांच्या बाकांचं मधलं दालन, दोन्ही बाजूंना खांबांपलीकडच्या अरुंद गल्ल्या, मग आडवा दांडा, आणि त्यापलीकडे वेदी. मोठ्या चर्चमध्ये वेदीमागून फिरायची एक वाट असते, देवळात गाभाऱ्यामागून प्रदक्षिणेची असते तशी. पाहणाऱ्यांनी मधल्या वाटेने सुसाट वेदीकडे जाऊ नये. एका बाजूच्या गल्लीने जा, वेदीमागून वळसा घ्या, दुसऱ्या बाजूने परत या, आणि शेवटी मागच्या बाकावर दहा मिनिटं बसून मधलं दालन पाहा. एवढ्याला तास-दीड तास लागतो. दोरी बांधलेली असेल किंवा बुटका कठडा असेल तर त्यापलीकडे पाय टाकायचा नाही, पलीकडे कितीही मोकळं दिसत असलं तरी.

तो तेवता दिवा आठवतो ना, त्याच्याजवळ एक बंद कपाट किंवा पेटी असते. तिच्यात मिस्सेत अर्पण झालेली पवित्र भाकर ठेवलेली असते. श्रद्धाळू तिच्यासमोरून जाताना गुडघा टेकतात. तिथे पाठ करून सेल्फी काढणं हा सगळ्यात जिव्हारी लागणारा उद्धटपणा. कधी कधी त्यासाठी बाजूचं वेगळं छोटं दालन असतं; तिथे बोलायचं नाही, फोटो अजिबात नाही.

मूर्ती ओळखायला नावं पाठ करायची गरज नाही, हातातल्या वस्तू पाहा. किल्ल्या असतील तर पीटर, तलवार आणि ग्रंथ असेल तर पौल, मोडकं चाक असेल तर कॅथरिन, लोखंडी जाळी असेल तर लॉरेन्स, हातात किंवा शेजारी बुरूज असेल तर बार्बरा. खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड माणूस क्रिस्तोफर. छोट्या मारियेला, म्हणजे येशूच्या आईला, वाचायला शिकवणारी वयस्क बाई म्हणजे अण्णा, नाशिकच्या महामंदिराला जिचं नाव आहे तीच. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, लिहिणारे चौघे बहुधा चिन्हांनी येतात: माणूस किंवा देवदूत म्हणजे मत्तय, सिंह म्हणजे मार्क, बैल म्हणजे लूक, गरुड म्हणजे योहान. चौघांच्या या खुणा प्रवचनाच्या व्यासपीठावर, छताच्या कोपऱ्यांत, काचांमध्ये सगळीकडे सापडतात. काचांवरच्या गोष्टी बहुधा खालून वर वाचायच्या असतात, पण याला अपवाद भरपूर.

आखेनमध्ये नेमकं काय पाहायचं

पश्चिमेच्या दारापासूनच थांबत जा. काशाची जड दारं हे चर्च बांधणाऱ्या सम्राट शार्लमेनच्या काळातली, म्हणजे सुमारे ८०० सालची. त्यांवर सिंहमुखं आहेत. दंतकथा अशी की बांधकामाला पैसे कमी पडले, सैतानाने दिले आणि बदल्यात आत शिरणाऱ्या पहिल्या जिवाचा आत्मा मागितला. गावकऱ्यांनी आत लांडगा सोडला. संतापून दार आपटताना सैतानाचा अंगठा त्यात अडकला. सिंहाच्या तोंडात बोट घालून तो अंगठा चाचपण्याचा रिवाज अजून चालू आहे. घाला बोट, कुणी रागवत नाही. आतल्या ओवरीत ब्राँझचं एक जनावरही आहे. गाव त्याला लांडगी म्हणतं. जाणकारांपैकी काही अस्वल म्हणतात.

मधला भाग आठ बाजूंचा, भोवतीचा फेरा सोळा बाजूंचा. डोकं वर करा. घुमटाची उंची तीस मीटरच्या वर आहे, आणि आल्प्सच्या उत्तरेला काही शतकं याहून उंच घुमट नव्हता. भिंतींवरचं झगमगणारं सोनेरी मोझेक मात्र शार्लमेनचं समजू नका. ते एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याची सुरुवात या काळात नव्याने केलेलं आहे. खरी जुनी गोष्ट वरच्या कमानींमधले खांब. ते इटलीतून, रोम आणि रावेन्नाहून आणवले होते. १७९४ नंतर फ्रेंच सैन्याने त्यातले बरेच काढून पॅरिसला नेले. १८१५ नंतर काही परत आले, काही अजून लूव्हरमध्ये आहेत. मधोमध टांगलेलं मोठं चक्राकार झुंबर सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाने दिलेलं, बाराव्या शतकातलं, ४८ मेणबत्त्यांचं. त्याच्या बरोबर खाली उभं राहिलं तर फक्त त्याचा तळ दिसतो. आठ बाजूंपैकी एखाद्या खांबाशी सरका, म्हणजे कड्यावरचे छोटे बुरूज दिसतील.

पूर्वेकडचा उंच काचांचा भाग नंतरचा, १४१४ सालचा. काचा साधारण २५ मीटर उंच. मूळच्या केव्हाच गेल्या. आज दिसतात त्या दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या आगेमागे बसवलेल्या. तिथेच सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पेट्या आहेत. १२१५ मध्ये पूर्ण झालेल्या पेटीत शार्लमेनच्या अस्थी, आणि १२३९ च्या मारियेच्या पेटीत चार पवित्र वस्त्रं: मारियेचा झगा, बाळ येशूची बाळवस्त्रं, क्रुसावरच्या येशूचं कटिवस्त्र आणि योहान बाप्तिस्त्याचं मस्तक ज्यात गुंडाळलं ते कापड, अशी परंपरेची मान्यता. दर सात वर्षांनी ती बाहेर काढून दाखवतात आणि यात्रा भरते. २०२१ ची यात्रा कोविडमुळे २०२३ ला झाली. सिंहस्थाच्या गावचा माणूस हे ऐकून फारसा चकित होणार नाही, पण यात्रेच्या दिवसांत गावात राहायला जागा मिळत नाही हे मात्र त्याला लगेच पटेल.

शार्लमेनचं म्हणून ओळखलं जाणारं सिंहासन वरच्या मजल्यावर आहे आणि ते मार्गदर्शकासोबतच्या फेरीतच दाखवतात, एकट्याने जाता येत नाही. फेरीला जर्मनमध्ये 'फ्युरुंग' म्हणतात. तिकीट डोममध्ये न मिळता समोरच्या डोम माहिती केंद्रात मिळतं. इंग्रजीतल्या फेऱ्या दिवसात मोजक्याच असतात. आधी तिकीट घ्यायचं, मग मधल्या वेळेत खालचं पाहायचं. उलट केलं तर शेवटची इंग्रजी फेरी भरून गेलेली असते. ९३६ ते १५३१ या काळात जर्मन राजे राज्याभिषेकानंतर या सिंहासनावर बसले. ते साध्या संगमरवरी फळ्यांचं आहे, सोनं नाही, रत्न नाही. बाजूच्या फळीवर एक चौकटींचा खेळ खरवडलेला आहे. आपल्याकडे लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेली नवकंकरी पाहिली असेल तर लगेच ओळखाल. मार्गदर्शक घाईत असला तर तो दाखवायचा राहतो, विचारून घ्या.

खजिना, म्हणजे 'शात्सकामर', वेगळ्या इमारतीत, वेगळ्या तिकिटावर. विद्यार्थ्यांना सवलत असते. पाटीवर 'एरमेसिश्ट' शब्द शोधा. तिथला लोथारचा क्रूस चुकवू नका. सन १००० च्या आसपासचा हा ख्रिस्ती क्रूस, आणि त्याच्या मधोमध जडवलेला कोरीव दगड रोमन सम्राट ऑगस्टसच्या चेहऱ्याचा! मागच्या बाजूलाही जा. पुढून रत्नजडित आणि मागून नुसत्या रेघांनी कोरलेला येशू, असं त्याचं रूप आहे.

मिस्सेला बसायचं असेल तर

बसावं, असं आमचं मत. या इमारती गाणं आणि प्रार्थना घुमावी म्हणून बांधल्या आहेत, आणि रिकाम्या चर्चमध्ये ते कळत नाही. आठवड्याच्या दिवसाची मिस्सा अर्ध्या तासाची, रविवारची तासाभराची किंवा थोडी जास्त. दहा मिनिटं आधी या, मागच्या एक तृतीयांश भागात, बाकाच्या कडेला बसा. पुढे बसलं तर उठायचं कधी हे पाहायला समोर कुणी राहत नाही. मोबाईल सायलेंटवर नको, बंदच करा. दगडी इमारतीत थरथराटही ऐकू येतो.

सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी चालतं. भिंतीवरच्या फळीवर आकडे लागतात, ते बाकावरच्या 'गॉटेसलोब' या पुस्तकातल्या गाण्यांचे क्रमांक. मध्येच दानाची टोपली फिरते. एक-दोन युरो टाका किंवा पुढे सरकवा, कुणी बघत नाही. नंतर शेजारचे वळून हात पुढे करतात आणि 'फ्रीडे झाय मिट डीर' म्हणतात, म्हणजे तुला शांती लाभो. हात मिळवा, मान झुकवा, तेच शब्द परत म्हणा. नमस्कार केलात तरी समोरचा हसून स्वीकारतो.

यानंतर रांग लागते आणि फादर पातळ गोल भाकर देतात. इथे चूक हमखास होते. नाशिकमध्ये याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात. सगळे उठले म्हणून आपणही उठून हात पुढे केला, असं होतं. हा प्रसाद फक्त बाप्तिस्मा झालेल्या आणि तो स्वीकारायची तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी असतो. इतरांनी जागेवर बसून राहायचं, बाकावरून बाहेर जाणाऱ्यांना वाट द्यायची. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत छातीवर हात आडवे ठेवून रांगेत गेलं तर अनेक ठिकाणी नुसता आशीर्वाद देतात. जर्मनीत ही खूण सगळीकडे ओळखतीलच असं नाही. चुकून हातात आलीच तर खिशात ठेवू नका, बाहेर नेऊ नका. तिथल्या तिथे देणाऱ्याला परत द्या आणि हळूच सांगा, 'इश बिन निश्ट काथोलिश.' ते समजून घेतात. खिशात गेलेली भाकर हा त्यांच्यासाठी फार गंभीर प्रकार असतो, म्हणून मग कुणीतरी मागे धावत येतं.

मध्येच उठून जाऊ नका. जायचंच असेल तर सुरू होण्याआधी जा.

मेणबत्ती, फोटो, कबुलीची खोली

मूर्तीसमोर छोट्या मेणबत्त्यांचा स्टँड असतो, शेजारी पैशांची फट. किंमत लिहिलेली असते. नाणं टाका, मेणबत्ती घ्या, आधीच पेटलेल्या ज्योतीवर पेटवा. लायटर काढायचा नाही. घरून आणलेली उदबत्ती, कापूर, फुलं, नारळ यातलं काही नको. आगीची भीती त्यांना खरीखुरी आहे, आणि पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

फोटोचा नियम दारावर चिन्हांनी लिहिलेला असतो. परवानगी असली तरी फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी स्टिक नाही, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा कधीच नाही. अंधारात फोटो हलतो. खांबाला किंवा बाकाच्या पाठीला मोबाईल टेकवा आणि टायमर लावा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी वहीत स्केच काढायला कुठेच अडचण नाही. जमिनीवर पसरून बसायचं तेवढं टाळा.

बाजूच्या गल्लीत लाकडी कपाटासारखी खोली आणि 'बाइख्टे' अशी पाटी दिसली, विशेषतः वर दिवा लागलेला असेल, तर आत कुणीतरी पापनिवेदन करत आहे. दार उघडून डोकावू नका, जवळ घुटमळूही नका.

कोलोनची एक दिवसाची फेरी

आखेनहून कोलोनला आरई-१ ही प्रादेशिक गाडी तासाभराच्या आत-बाहेर पोचवते. विद्यार्थी तिकिटावर ती चालते. लाल पट्ट्याच्या आयसीई या जलद गाडीवर चालत नाही आणि तपासनीस 'माहीत नव्हतं' ऐकून घेत नाही. फलकावर गावाचं नाव 'क्योल्न' वाचायचं. स्टेशनातून बाहेर पडलात की डोम समोरच. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून जा. आत लाल झग्यातले 'डोमश्वाइत्सर' फिरत असतात. नियम तेच पाळायला लावतात, प्रश्नही त्यांनाच विचारा.

बांधकाम १२४८ ला सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं, १८४२ ला पुन्हा सुरू होऊन १८८० ला संपलं. त्यामुळे मनोरे मध्ययुगीन दिसतात पण बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहेत. वेदीमागची, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची सोनेरी पेटी, दहाव्या शतकातला लाकडी गेरो क्रूस, आणि दक्षिणेच्या आडव्या दालनातली २००७ ची खिडकी, हजारो रंगीत चौकोनांची, एकही संत नसलेली: एवढं तरी पाहा. खिडकी दुपारी पाहावी, फरशीवर रंग उतरतात.

दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही, तिकीट वेगळं, दारही वेगळं. वणीचा गड चढलेल्याला आकडा मोठा वाटणार नाही, पण जिना गोल आणि अरुंद आहे आणि समोरून उतरणारे येतात. पाठीवरची बॅग पुढे छातीवर घ्या. गुडघ्याचं दुखणं, दमा किंवा बंद जागेची भीती असेल तर जाऊ नका, मध्यात परत फिरणं कठीण पडतं. कार्निव्हलचे दिवस आणि ११ नोव्हेंबर कोलोनला टाळा. त्या दिवशी शहर देवदर्शनाच्या मनःस्थितीत नसतं.

इतर शहरांत

पॅरिसचं नोत्र-दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट आहे आणि एक-दोन दिवस आधी वेळ राखून ठेवता येते, तीही फुकट. बाहेर कुणी तिकीट विकत असेल तर घेऊ नका. रोमच्या सेंट पीटर्समध्येही आत जायला पैसे नाहीत, रांग सुरक्षा तपासणीची असते. घुमटाच्या ५५१ पायऱ्यांपैकी पहिला टप्पा लिफ्टने टळतो, उरलेल्या ३२० चढाव्याच लागतात. फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल फुकट पण घुमटाच्या ४६३ पायऱ्यांसाठी ठरलेल्या वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया, १८८२ पासून बांधकाम चालू असलेलं, पूर्ण तिकिटावर आहे. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका.

पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना

जर्मनीत उतरल्यावर पत्ता नोंदवायचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात धर्माचा रकाना असतो. चर्च पाहण्याशी, मिस्सेला बसण्याशी त्याचा काही संबंध नाही; कुणी नोंद विचारत नाही. पण तिथे कॅथलिक असं लिहिलं की पुढे नोकरी लागल्यावर आयकराच्या ९ टक्के चर्च-कर पगारातून कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यांत ८ टक्के. नाशिकच्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी खरं तेच लिहावं; आयकर बसत नाही तोवर हा करही बसत नाही. इतरांनी घाईत, रांगेत, शेजाऱ्याचं बघून चुकीच्या चौकोनात खूण करू नये, कारण ती नंतर दुरुस्त करायला कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात.